अर्ज दिला, पण पोच घेतली का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळी गोव्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गाऱ्हाण्याची आहेत : गावाने सह्या करून निवेदन दिले आणि पुढे काहीच झाले नाही. त्यांतले काही प्रश्न निवडून सविस्तर उत्तरे देत आहोत. ज्यांची पत्रे इथे नाहीत, त्यांच्या शंकांची उत्तरेही बहुतेक यातच मिळतील.

प्रश्न : आमच्या वाड्यावरच्या गटाराची भिंत पडली आहे. पावसात पाणी घरात येते. १२० जणांच्या सह्यांचे निवेदन आम्ही ऑक्टोबरात सरपंचांच्या हातात दिले. ‘बघतो’ म्हणाले. आता विचारायला गेलो तर सचिव सांगतात, असा कागद कार्यालयात आलेलाच नाही. परत सह्या गोळा कराव्या लागतील का? (एक वाचक, फोंडा तालुका)

उत्तर : बहुधा लागतील. मूळ कागदाची झेरॉक्स तुमच्याकडे असेल तर ती नव्या अर्जाला जोडा, पण तुमच्या पत्रावरून ती नाही असे दिसते. सरपंचांच्या हातात दिलेला कागद म्हणजे पंचायतीला दिलेला अर्ज नव्हे. सरपंच निवडून आलेले असतात, त्यांच्या खिशात, गाडीत, घरी रोज दहा कागद जातात. कार्यालयाचे दप्तर सांभाळतो तो पंचायत सचिव, आणि तो सरकारी नोकर आहे. आवक नोंदवहीत ज्या कागदाला क्रमांक पडला, तेवढ्याच कागदाबद्दल त्याला जाब विचारता येतो.

म्हणून अर्जाच्या नेहमी दोन प्रती न्या. एक कार्यालयात राहते, दुसरी तुमच्याबरोबर परत येते. परत येणाऱ्या प्रतीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी आहेत का, ते खिडकीपाशीच उभे राहून बघा : पंचायतीचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही. नुसता गोल शिक्का आणि एक वळवळीत सही एवढेच असेल तर ‘आवक क्रमांक घाला’ असे नम्रपणे सांगा. पुढचे प्रत्येक पत्र त्या क्रमांकाने ओळखले जाते. शिक्का आहे पण तारीख नाही, ही चूक फार वेळा होते. मग ‘कधी दिला’ याचाच वाद सुरू होतो. सोबत सह्यांची पाने आणि फोटो जोडले असतील तर पोच घेताना ‘सोबत ७ पाने’ असेही लिहून घ्या. नाहीतर पहिले पान फाइलीत राहते आणि सह्यांची पाने गळतात.

आता मजकुराकडे वळू. तुम्ही दिलेल्या निवेदनाची प्रत आम्ही पाहिलेली नाही, पण अशा निवेदनांत सहसा काय होते ते सांगतो. गटारापासून सुरुवात होते, मग रस्त्यावरचे खड्डे येतात, मग बंद पडलेला दिवा, भटकी कुत्री, कचऱ्याची गाडी, आणि शेवटी ‘योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती’. असा कागद कोणाच्याच टेबलावर टिकत नाही. दिवा वीज खात्याचा, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, नळ पेयजल खात्याचा, कचरा पंचायतीचा. पाच कामे एका अर्जात घातली की पंचायत तो ‘संबंधित खात्याकडे पाठवला’ असा शेरा मारून मोकळी होते, आणि तो शेरा चुकीचाही नसतो. एका अर्जात एकच काम लिहा. पाच कामे असतील तर पाच अर्ज करा.

आणि ‘योग्य ती कारवाई’ हे शब्द काढून टाका. काय करायला हवे, कुठे आणि कधीपर्यंत, ते लिहा. तुमच्या गटारासाठी मजकूर साधारण असा होईल :

‘प्रति, सरपंच आणि सचिव, ग्रामपंचायत (गावाचे नाव). विषय : अमुक वाड्यावरील गटाराची पावसाळ्यापूर्वी सफाई व पडलेल्या भागाची दुरुस्ती. महोदय, अमुक मंदिराच्या पायऱ्यांपासून मोरीपर्यंत सुमारे ९० मीटर लांबीचे चिरेबंदी गटार आहे. त्यापैकी १४ मीटर भागाची रस्त्याकडची भिंत कोसळून चिरे आत पडले आहेत. पाणी अडून गेल्या पावसाळ्यात घर क्रमांक अमुक ते अमुक अशा ६ घरांत शिरले. जागेचे ४ फोटो, तारखांसह, जोडले आहेत. आमची मागणी अशी : पडलेले चिरे आणि गाळ ३० एप्रिलपूर्वी काढावा, १४ मीटर भिंत बांधण्याचे अंदाजपत्रक करून हा विषय पंचायतीच्या पुढच्या बैठकीत घ्यावा, आणि घेतलेला निर्णय खालील पत्त्यावर लेखी कळवावा.’

एवढेच पुरे. एक पान, फार तर दीड. लांबी टेपने मोजा, पावलांनी नको. कनिष्ठ अभियंता पाहणीला येतो तेव्हा तुमचा आकडा आणि त्याचा आकडा जुळला की अर्जाचे वजन वाढते. सफाई आणि बांधकाम वेगवेगळे मागितले, त्यालाही कारण आहे. गाळ काढायला पंचायतीला फारसे काही लागत नाही. भिंत बांधायची तर अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा अशी साखळी येते आणि तीत महिने जातात. दोन्ही एकत्र मागितले की भिंतीच्या नावाखाली गाळही राहतो.

एक गोष्ट अर्ज देण्यापूर्वी नक्की करून घ्या : गटार कोणाच्या जागेतून जाते? त्या सर्वे क्रमांकाचा एक-चौदाचा उतारा (जमिनीचा मालक आणि कूळ दाखवणारा कागद) काढा. जागा खासगी मालकाची किंवा कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक जमीन-संस्थेची) असेल तर तिथे नवे बांधकाम करायला त्यांचा ना हरकत दाखला लागतो, आणि पंचायतीचे काम नेमके तिथेच अडते. रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर त्याच्या कडेचे गटारही सहसा त्यांच्याकडेच असते. अशा वेळी मूळ अर्ज खात्याच्या उपविभागीय कार्यालयाला आणि प्रत पंचायतीला, असा उलट क्रम ठेवा.

वेळही पाहा. ऑक्टोबरात दिलेला अर्ज खरे तर चांगल्या वेळी दिला होता, पुढच्या आर्थिक वर्षाच्या तरतुदी त्यानंतर ठरतात. मे महिन्यात गटाराचा अर्ज द्यायचा म्हणजे मिरगाच्या तोंडावर कौले उतरवण्यासारखे आहे.

प्रश्न : सह्या कोणाच्या चालतात? आमच्या गावात भाड्याने राहणारे बरेच आहेत, आणि मूळ गावकरी असलेले काही जण मुंबईला असतात. (डिचोली तालुका)

उत्तर : निवेदन आणि ग्रामसभा यांत फरक करा. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या पंचायत क्षेत्राच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. यादीत असलेला मुंबईकर सदस्य आहे. यादीत नसलेला, दहा वर्षे गावात राहणारा भाडेकरू सदस्य नाही. पण साधे निवेदन द्यायला मतदार असण्याची अट नाही. भाडेकरूच्या घरात पाणी शिरते तर त्याची सही तिथे असायलाच हवी. दोन्ही तऱ्हेच्या लोकांची पाने वेगळी ठेवा : एकावर ‘मतदार’, दुसऱ्यावर ‘रहिवासी’. विशेष ग्रामसभेची लेखी मागणी करायची असेल तर मात्र मतदारांच्याच सह्या धरल्या जातात.

सह्यांच्या पानाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण चांगला अर्ज इथेच लंगडा पडतो. कोऱ्या कागदावर नुसत्या सह्या घेऊन तो मागून अर्जाला टाचला, की उद्या कोणीही म्हणते, ‘मी सही केली ती देवळाच्या वर्गणीसाठी होती.’ म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर विषय आणि मागणी दोन ओळींत छापलेली हवी. खाली रकाने असे : अनुक्रमांक, पूर्ण नाव, घर क्रमांक किंवा वाडा, मतदार यादीचा भाग आणि त्यातला अनुक्रमांक, सही, तारीख. एका पानावर २० नावे बसतात. तळाशी ‘पान ३ पैकी २, या पानावरील सह्या २०’ असे लिहा. शेवटच्या पानावर उरलेल्या ओळींवर तिरकी रेघ मारा, म्हणजे मागून कोणी नावे घुसडू शकत नाही.

एका घरातल्या पाच जणांच्या सह्या एकाच अक्षरात असतील तर त्या न घेतलेल्याच बऱ्या. एक खोटी सही सापडली की उरलेल्या ११९ खऱ्या सह्यांवर संशय येतो. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्या, शेजारी नाव लिहा आणि साक्षीदाराची सही घ्या.

मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक मागू नका. हा कागद उद्या माहितीच्या अधिकारात बाहेर जाऊ शकतो, आणि लोकांनी विश्वासाने दिलेले क्रमांक भलत्याच्या हाती लागतात. संपर्कासाठी दोन माणसांची नावे आणि पत्ते पुरेत. दोन यासाठी की एक जण गावाबाहेर असला तरी पत्र कोणीतरी घ्यावे.

मूळ सह्या एकाच कार्यालयात द्यायच्या. बाकी सर्वांना झेरॉक्स.

प्रश्न : सचिव अर्ज घेतच नाहीत. ‘सरपंचांना विचारून घेतो, उद्या या’ असे चालले आहे. (एक गृहिणी, पेडणे तालुका)

उत्तर : दोनदा जा, तिसऱ्यांदा नको. अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावतीची सेवा मागून घ्या. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे, त्यामुळे खिडकीवर ‘रजिस्टर एडी’ मागितले तर गोंधळ होईल. पाकिटावर ‘सचिव, ग्रामपंचायत’ असे पदनाम लिहा, व्यक्तीचे नाव नको. बदली झाली तर नावाचे पाकीट परत येते.

त्याच दिवशी एक प्रत तालुक्याच्या गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन द्या. तिथे पोच मिळते. प्रतीवर वर लिहा : ‘मूळ अर्ज पंचायतीने अमुक आणि अमुक तारखेला स्वीकारला नाही, म्हणून टपालाने पाठवला आहे.’ तक्रारीचा सूर नको, फक्त तारखा. सचिवांवर वरिष्ठ म्हणून गटविकास अधिकाऱ्यांची देखरेख असते, आणि त्यांच्याकडून पत्र आले की पंचायतीला उत्तर द्यावे लागते.

अर्ज न घेण्यामागे नेहमीच खोट नसते, हेही लक्षात ठेवा. एकाच सचिवाकडे कधी कधी दोन पंचायतींचा कार्यभार असतो आणि तुम्ही जाता त्या दिवशी तो दुसऱ्या गावात असतो. तो कोणत्या वारी असतो ते आधी फोन करून विचारा.

प्रश्न : ग्रामसभेत विषय मांडला तर तिथल्या तिथे निर्णय होतो, असे म्हणतात. मग अर्ज कशाला? (सत्तरी तालुका)

उत्तर : ग्रामसभेत ठराव होतो. काम होते ते पंचायत मंडळाच्या बैठकीतून आणि सचिवाच्या कागदातून. दोन्ही हवेत.

गोव्यात साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी घेतात. पंचायत मंडळाच्या बैठका पंधरवड्याच्या असतात. त्यामुळे तुमचा अर्ज आधी मंडळाच्या बैठकीत यावा आणि तिथे काही झाले नाही तर तोच विषय आवक क्रमांकासह ग्रामसभेत यावा, हा क्रम आम्हाला सर्वांत फलदायी वाटतो.

सभेची नोटीस लागली की पहिल्याच दिवशी ती वाचा. प्रश्न आणि ठराव कधीपर्यंत लेखी द्यायचे ते तिच्यात असते. ती मुदत चुकली तर तुमचा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ यात जातो. तोवर दुपार झालेली असते, माणसे जेवायला निघतात, आणि राहिलेल्या दहा जणांत ठराव होऊनही त्याला वजन राहत नाही. कमी हजेरीमुळे सभा तहकूबही होऊ शकते. म्हणून वाड्यावरून किमान पंधरावीस मतदार शेवटपर्यंत बसतील अशी तजवीज करा.

ठराव तोंडी सांगू नका. लिहून न्या, वाचून दाखवा आणि तो कागद सचिवांच्या हातात द्या. ‘गटाराबद्दल चर्चा झाली’ असे इतिवृत्तात आले तर तुमच्या हाती काहीच लागले नाही. ‘अमुक वाड्यावरील गटारातील गाळ ३० एप्रिलपूर्वी काढण्यात यावा, असा ठराव संमत झाला, सूचक अमुक, अनुमोदक अमुक’ असे यायला हवे. पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचतात. त्या वेळी बहुतेक लोक बाहेर चहाला असतात, आणि तुम्ही आत बसायचे ते नेमके त्याच वेळी. मजकूर चुकीचा असेल तर तिथेच हरकत घ्या आणि ती हरकत नोंदवून घ्या. एकदा इतिवृत्त कायम झाले की ते बदलणे फार कठीण.

ग्रामसभेच्या हातात सगळेच असते, असेही नाही. बांधकाम परवाना देणे किंवा नाकारणे ही गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ खालची बाब आहे. गावाचा विरोध आहे एवढ्या ठरावाने परवाना थांबत नाही. पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, रस्त्याची रुंदी किती, झोन कोणता, असे मुद्दे ठरावात असले पाहिजेत. त्यांचा उपयोग पुढे अपिलातही होतो.

प्रश्न : आम्ही म्हापशात राहतो. शहरात ग्रामसभा नाही. मग आम्ही कोणापुढे जायचे?

उत्तर : गोव्यात १३ नगरपालिका आहेत आणि त्यांना १९६८ चा पालिका कायदा लागू आहे. पणजी महानगरपालिकेचा कायदा वेगळा, २००२ चा. पालिकेत अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि प्रत नगराध्यक्षांना. पणजीत आयुक्त आणि महापौर. कागद आवक विभागात द्यायचा, कोणाच्या केबिनमध्ये नाही.

शहरात एक पायरी जास्त असते. पालिका मंडळाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तुमचा विषय येण्यासाठी तो मांडणारा नगरसेवक हवा. रहिवाशांना त्या सभेत बोलण्याचा हक्क नसतो. म्हणून आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला अर्जाची पोच असलेली प्रत द्या आणि ‘हा विषय पुढच्या बैठकीत मांडावा’ असे वेगळे एका ओळीचे पत्र त्यांच्या नावे द्या. त्याचीही पोच घ्या. विरोधी गटाचा नगरसेवक विषय मांडायला जास्त उत्सुक असतो, पण काम मंजूर व्हायला बहुमत लागते; शक्य असेल तर दोन्ही गटांतल्या एकेकाला द्या. पालिकेकडून उत्तरच आले नाही तर राज्याच्या नगर विकास (पूर्वीच्या पालिका प्रशासन) संचालनालयाकडे जाता येते.

सहकारी गृहनिर्माण सोसायटी असेल तर नुसत्या सह्यांपेक्षा सोसायटीच्या सभेचा ठराव आणि अध्यक्ष-सचिवांची सही असलेले पत्र जास्त उपयोगी पडते. सह्या त्याला जोडा.

प्रश्न : गावात डोंगर कापत आहेत. पंचायतीला निवेदन देण्यासाठी सह्या गोळा करतोय, आतापर्यंत ६० झाल्या. किती झाल्या म्हणजे द्यावे? (बार्देश तालुका)

उत्तर : थांबू नका. आजच द्या, एका सहीने. डोंगर कापायचा किंवा सखल जमिनीत भराव टाकायचा तर नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली परवानगी लागते. म्हणजे तुमचा अर्ज पंचायतीपेक्षा आधी नगर नियोजन खात्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना जायला हवा. पंचायतीला प्रत द्या. सह्यांचे निवेदन मागून जाऊ दे.

अर्जात गाव, सर्वे क्रमांक, जवळची ठळक खूण, यंत्रे किती, काम कोणत्या वेळी चालते, आणि तारीख-वेळ दिसणारे फोटो द्या. फोटोत कापलेल्या कड्याबरोबर एखादे न हलणारे काही घ्या, विजेचा खांब किंवा जुने घर. नुसती लाल माती दिसणारा फोटो कोणत्याही गावचा असू शकतो. फोटो रस्त्यावरून काढा, दुसऱ्याच्या जागेत शिरून नको.

भातशेतीत भराव, किनाऱ्यालगत बांधकाम, झाडे तोडणे यांची दारे वेगवेगळी आहेत : सखल जमिनीतल्या भरावासाठी पुन्हा नगर नियोजन खाते, किनाऱ्यासाठी किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरण, झाडांसाठी वन खाते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत चालणाऱ्या ध्वनिक्षेपकासाठी पोलीस आणि उपजिल्हाधिकारी. यातले काहीही पंचायतीच्या पंधरवड्याच्या बैठकीची वाट पाहत बसण्यासारखे नाही.

वाट अडवली, ओहोळ बुजवला, अशी सर्वांना उपद्रव देणारी बाब असेल तर उपजिल्हाधिकारी दंडाधिकारी म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली ती हटवण्याचा आदेश देऊ शकतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १३३ होते. जुने लोक अजून तोच आकडा सांगतात.

प्रश्न : अर्ज मराठीत चालेल का?

उत्तर : चालेल. १९८७ च्या राजभाषा कायद्याप्रमाणे देवनागरी कोकणी ही राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामासाठी वापरता येते. पंचायतीत, पालिकेत बिनधास्त मराठीत लिहा. प्रकरण पुढे पंचायत संचालनालयात किंवा न्यायालयात जाण्याची शक्यता असेल तर इंग्रजी प्रत सोबत ठेवा, म्हणजे तिथे भाषांतरापायी दिवस जात नाहीत. सर्वे क्रमांक, घर क्रमांक दोन्ही प्रतींत एकच आहेत ना, ते ताडून पाहा.

प्रश्न : पोच आहे, तीन महिने झाले, उत्तर नाही. माहितीचा अधिकार वापरला तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. (फोंडा)

उत्तर : तुम्ही विचारलेला प्रश्न पत्रासोबत होता : ‘आमच्या अर्जावर कारवाई का झाली नाही?’ या कायद्याखाली ‘का’ विचारून उपयोग नसतो. दप्तरात जे कागद आहेत तेच मागता येतात, आणि कारण हा कागद नव्हे. तोच प्रश्न असा विचारा :

‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जाच्या संदर्भात : आवक नोंदवहीतील त्या दिवसाच्या पानाची प्रत; अर्ज कोणाकोणाकडे गेला ते दाखवणाऱ्या शेऱ्यांची आणि टिपणांची प्रत; हा विषय ज्या बैठकीत आला त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत; जागेची पाहणी झाली असल्यास अहवालाची प्रत; आणि संबंधित फाइल पाहण्याची परवानगी.’

शुल्क १० रुपये. रोख भरून पावती घ्या. उत्तरासाठी ३० दिवस. पंचायतीत माहिती अधिकारी सचिवच असतो, आणि पहिले अपील गटविकास अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांच्या आत. तिथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयात खूण करून ठेवा. अपिलाची मुदत टळली म्हणून बरीच चांगली प्रकरणे तिथेच संपतात.

फाइल पाहायला मिळाली तर आधी पानांवर क्रमांक आहेत का ते बघा. नसतील तर क्रमांक घालून देण्याची विनंती करा. मग हवी ती पाने क्रमांकाने मागा.

टिपणात ‘निधी नाही’ असे सापडले तर तेही उत्तरच आहे. मग पुढचा अर्ज कामासाठी नको, तरतुदीसाठी : पुढच्या अंदाजपत्रकात या कामाची रक्कम धरावी, अशी मागणी, आणि त्याची प्रत जिल्हा पंचायत सदस्य व आमदारांना.

अवैध बांधकामाच्या तक्रारीवर पंचायत हललीच नाही तर पंचायत उपसंचालकांकडे लेखी जा. त्या वेळी पंचायतीची पोच, माहिती अधिकारातली उत्तरे आणि फोटो तारखेच्या क्रमाने लावून द्या. सर्वांत जुना कागद वर.

प्रश्न : निवेदनात पंचाचे (पंचायत सदस्याचे) नाव घेऊन भ्रष्टाचाराचा उल्लेख करावा का? गावात सर्वांना माहीत आहे.

उत्तर : नको. सर्वांना माहीत असणे आणि कागदाने सिद्ध होणे यांत अंतर आहे. तुमच्याबरोबर ८० साध्या माणसांनी सह्या केलेल्या असतात, त्यांना बदनामीच्या खटल्यात ओढू नका. ‘अमुक कामाचे बिल अमुक तारखेला अदा झाले, जागेवर काम झालेले नाही, फोटो जोडले आहेत’ एवढे लिहा. पुरावा हाती आला तर दक्षता खात्याकडे वेगळी, स्वतःच्या सहीची तक्रार करा.

प्रश्न : पंचायतीची निवडणूक झाली, मंडळ बदलले. जुने निवेदन आता निकालात निघाले का?

उत्तर : नाही. अर्ज व्यक्तीला दिला नव्हता, कार्यालयाला दिला होता. आवक नोंद तशीच आहे, झालेला ठरावही तसाच. पुन्हा सह्या नकोत. एका पानाचे स्मरणपत्र द्या : जुना आवक क्रमांक आणि तारीख, ग्रामसभेच्या ठरावाची तारीख, आणि राहिलेले काम. नव्या सरपंचांना आणि तुमच्या प्रभागाच्या पंचांना भेटायला जाल तेव्हा त्यांना जागेवर घेऊन जा, शक्यतो पाऊस पडत असताना. आणि पोचेची झेरॉक्स त्यांच्या हाती द्या. मूळ पोच घरातून बाहेर काढू नका.